परदेशातील निवृत्तिनिधी आणि स्वदेशी योजना : स्थलांतराचा करविषयक विचार

निवृत्तीसाठी साठविलेला पैसा एका देशातून दुसऱ्या देशात नेणे हे बँकेच्या दृष्टीने काही दिवसांचे काम आहे. करकायद्याच्या दृष्टीने मात्र अशी घटना पुष्कळदा घडतच नाही. कायद्याला दिसतात त्या दोन निरनिराळ्या घटना : पहिल्या देशातील खात्यातून रक्कम काढून घेणे, आणि दुसऱ्या देशातील योजनेत नवे अंशदान भरणे. पहिल्या घटनेवर कर बसतो. दुसरीवर वजावट मिळतेच असे नाही. पैसा ज्याचा आहे त्याच्या मनात हेतू एकच असतो, म्हातारपणाची तजवीज आपण जेथे राहणार तेथे असावी, हा. परंतु त्याच्या या एका हेतूचे कायद्याने दोन तुकडे केले म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या बचतीचा तिसरा हिस्सा केवळ सीमा ओलांडण्यात खर्ची पडू शकतो. असे का होते, ते टाळण्यासाठी निरनिराळ्या देशांनी कोणत्या युक्त्या योजिल्या, आणि भारतात परतणाऱ्याच्या वाट्याला त्यांतील काय येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तत्त्वाचा प्रश्न. निवृत्तियोजनांना जी करसवलत मिळते ती बहुतांशी माफी नसून स्थगिती असते. कमावत्या वयात योजनेत भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते, निधीवर साचणारे व्याज वा लाभांश त्या त्या वर्षी करमुक्त राहतो, आणि म्हातारपणी रक्कम हाती येते तेव्हा ती संपूर्ण करपात्र ठरते. निकोलस कॅल्डॉर यांनी १९५५ साली खर्चावरील कराचा जो पुरस्कार केला त्याचेच हे मर्यादित रूप होय : मनुष्य समाजाच्या साठ्यात काय घालतो यावर नव्हे, तर त्यातून काय काढतो यावर कर. भारतात कॅल्डॉर यांच्या शिफारशीनुसार १९५७ साली केलेला खर्चकराचा कायदा टिकला नाही. तो १९६२ मध्ये स्थगित झाला, १९६४ मध्ये पुन्हा आला आणि १९६६ मध्ये गेला. परंतु निवृत्तिनिधीच्या दालनात मात्र ते तत्त्व जगभर नांदत आहे.

एकाच देशात ही स्थगिती एका योजनेतून दुसरीत सहज वाहून नेता येते. नोकरी बदलणाऱ्या अमेरिकन कामगाराने जुन्या मालकाच्या योजनेतील निधी वैयक्तिक निवृत्ति-खात्यात वळविला तर त्यावर त्या वेळी कर बसत नाही, कारण खजिना तोच आहे. आज न मिळालेला कर उद्या त्याच तिजोरीत येणार आहे. देशाची सीमा आली की हे गणित बिघडते. ज्या देशाने वजावट देऊन आपला महसूल पुढे ढकलला, त्याच्या कक्षेतून निधी बाहेर पडतो आणि शेवटचा कर दुसराच देश घेतो. त्यामुळे जाऊ देणारा देश दारातच कर वसूल करू पाहतो. उलट घेणाऱ्या देशाला वाटते की, या निधीच्या उभारणीत आपल्या वजावटीचा काहीच भाग नव्हता, मग आपण आज नवी वजावट का द्यावी? दोघांचीही भूमिका आपापल्या जागी समजण्यासारखी आहे. तोटा होतो तो मध्ये सापडलेल्या मनुष्याचा.

म्हणून खऱ्या अर्थाने स्थलांतर व्हावयाचे तर दोन दारे उघडी असावी लागतात : एक निघण्याचे, दुसरे प्रवेशाचे. प्रवेशाचे दार उघडण्याचा सर्वांत अभ्यसनीय नमुना कॅनडाचा आहे, आणि त्यावर काहीसे विस्ताराने लिहिणे इष्ट वाटते.

कॅनडात वैयक्तिक बचतीसाठी असलेली नोंदणीकृत निवृत्ति-बचत योजना १९५७ पासून आहे. तीत दरवर्षी किती भरता येईल याला उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा असते. तथापि तेथील प्राप्तिकर कायद्याच्या कलम ६०(जे) ने एक अपवाद केला आहे. परदेशी निवृत्तियोजनेतून एकरकमी मिळालेला पैसा प्रथम करदात्याच्या उत्पन्नात धरला जातो. पण तीच रक्कम त्याने त्याच वर्षात, किंवा वर्ष संपल्यापासून ६० दिवसांच्या आत, आपल्या नोंदणीकृत योजनेत भरली तर तेवढ्याची वजावट मिळते. या अंशदानाला वार्षिक मर्यादा आड येत नाही. अटी अर्थातच आहेत. परदेशी मालकाच्या योजनेतील रक्कम असेल तर ती करदात्याने किंवा त्याच्या जोडीदाराने कॅनडाचे निवासी नसताना केलेल्या सेवेबद्दलची असली पाहिजे. अमेरिकन वैयक्तिक निवृत्ति-खात्यातील असेल तर ती त्याच्या स्वतःच्या, किंवा आजी-माजी जोडीदाराच्या, अंशदानातून उभी राहिलेली असावी. मालकाने भरलेला भाग येथे चालत नाही. शिवाय ७१ व्या वर्षाच्या अखेरीस नोंदणीकृत बचत-योजना मुदतीस येते, त्यामुळे त्यानंतर हे दार बंद होते.

वाचकास असे वाटेल की प्रश्न सुटला. परंतु कॅनडाने प्रवेशाचे दार उघडले तरी अमेरिकेचे निघण्याचे दार बंदच आहे. अमेरिकन कायद्यात करमुक्त वळवणूक होते ती अमेरिकेतच स्थापन झालेल्या पात्र योजनांत. कॅनडातील योजना त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून अमेरिकेच्या दृष्टीने हा सरळ निधी काढून घेण्याचा प्रकार होतो. अनिवासी परकीय व्यक्तीस द्यावयाच्या अशा रकमेतून उगमस्थानी सामान्यतः ३० टक्के करकपात होते, आणि वय ५९½ पूर्ण झालेले नसेल तर, काही अपवाद सोडून, १० टक्के अतिरिक्त कर पडतो. दोन्ही देशांतील करकरारात १५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण तिचे शब्द पाहिले पाहिजेत : ती नियतकालिक निवृत्तिवेतनाला लागू आहे. इकडे कलम ६०(जे) नियतकालिक हप्त्यांना वजावट देत नाही, एकरकमेलाच देते. म्हणजे कमी कर हवा असेल तर हप्त्याने घ्या, आणि वजावट हवी असेल तर एकदम घ्या, असा हा पेच आहे. दोन कायदे दोन दफ्तरांत बसून लिहिले गेले, एकाने दुसऱ्याचा मसुदा पाहिला नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता आकड्यांनी पाहू. एक गृहस्थ अमेरिकेत नोकरी करून कॅनडात स्थायिक झाले. त्यांच्या अमेरिकन निधीत १,००,००० डॉलर आहेत (सोयीसाठी दोन्ही देशांची डॉलरची किंमत एकच धरू, आणि संघराज्याचा व प्रांताचा कर एकत्र घेऊ). अमेरिकेचा कर अंतिमतः ३० टक्केच ठरला असे मानू. येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे : करकपात आणि अंतिम करदायित्व या भिन्न गोष्टी आहेत, आणि कॅनडा श्रेय देतो ते अंतिमतः देय असलेल्या कराचे, कापून ठेवलेल्या रकमेचे नव्हे. असो. ३०,००० कर गेला, हाती आले ७०,०००. कॅनडाच्या विवरणपत्रात मात्र संपूर्ण १,००,००० उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. तेवढीच वजावट हवी असेल तर योजनेतही १,००,००० भरले पाहिजेत. म्हणजे वरचे ३०,००० दुसरीकडून, स्वतःच्या शिलकीतून किंवा कर्ज काढून, उभे केले पाहिजेत. येथेच पुष्कळांची गाडी अडते.

समजा त्यांनी ते उभे केले. आता अमेरिकेत गेलेले ३०,००० परत कसे येणार? कॅनडाच्या कायद्यातील परकीय कराच्या श्रेयातून. या श्रेयाला कमाल मर्यादा आहे : त्या देशातील उत्पन्नाचे एकूण उत्पन्नाशी जे प्रमाण, त्या प्रमाणात कॅनडातील कर. एकूण उत्पन्न येथे वजावटीनंतरचे धरतात. साहजिकच शंका येते की, परदेशी रक्कम वजावटीने शून्य झाल्यावर तिचे प्रमाणही शून्यच होणार. तसे होत नाही, याचे कारण कलम ४(३) मधील एका अवतरणात दडलेले आहे. कलम ६० मधील ज्या वजावटी विशिष्ट उगमाच्या उत्पन्नातून वजा करावयाच्या नाहीत त्यांत (जे) चा समावेश आहे. त्यामुळे एकूण उत्पन्न वजावटीने घटते, परंतु परदेशी उत्पन्न पूर्वीइतकेच, १,००,०००, राहते. सारी योजना तगून आहे ती या एका वाक्याच्या आधारावर.

या गृहस्थांचा कॅनडातील पगार १,५०,००० आणि त्यावरील कर ४०,००० मानू. निधीची रक्कम उत्पन्नात आली आणि वजावटीने गेली, तेव्हा एकूण उत्पन्न १,५०,००० च राहिले. श्रेयाची मर्यादा १,००,००० भागिले १,५०,००० गुणिले ४०,०००, म्हणजे २६,६६७. अमेरिकेत गेलेल्या ३०,००० पैकी एवढे परत मिळाले. ३,३३३ बुडाले, आणि ते पुढील वर्षीही मिळत नाहीत, कारण व्यक्तींना या प्रकारचे उरलेले श्रेय पुढे ओढता येत नाही. आता पगार केवळ ६०,००० आणि त्यावरील कर १०,००० असल्याचे मानू. प्रमाण एकाहून अधिक झाले तरी श्रेय प्रत्यक्ष करापलीकडे जाऊ शकत नाही. मिळाले १०,०००, बुडाले २०,०००. म्हणजे ही सवलत ज्याचे चालू उत्पन्न मोठे आहे आणि ज्याच्याजवळ वरचे ३०,००० घालण्याची ऐपत आहे, त्याच्याच उपयोगाची आहे. निवृत्त होऊन, पगार थांबल्यावर, निधी हलवू पाहणाऱ्या साध्या मनुष्याला ती फारशी साधत नाही. कायद्याच्या शब्दांत असा भेद कोठेही नाही. तो अंकगणितातून उत्पन्न होतो. करशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अशा भेदांकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते, कारण कलमे वाचून ते दिसत नाहीत.

ब्रिटनने उलट बाजूने, म्हणजे निघण्याच्या दारापासून, आरंभ केला. २००४ च्या वित्त कायद्याने घडविलेली आणि ६ एप्रिल २००६ पासून अमलात आलेली व्यवस्था अशी की, परदेशातील योजनेने ठरावीक अटी पाळल्या तर ब्रिटनमधील निधी तिच्यात परस्पर, खातेदाराच्या हाती न येता, पाठविता येतो. अशा योजनांना त्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून क्यूरॉप्स म्हणतात. अपात्र योजनेत रक्कम गेली तर ते अनधिकृत प्रदान ठरते आणि कराचा बोजा ५५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ही सोय पुढे क्रमाक्रमाने आवळली गेली. एप्रिल २०१५ पासून अट आली की, गंभीर आजारपण सोडल्यास ५५ वर्षांपूर्वी योजनेतून पैसे मिळता कामा नयेत. ही अट वरकरणी निरुपद्रवी दिसते. पण आपल्याकडील भविष्यनिर्वाह निधीसारख्या, घरबांधणी किंवा मुलीच्या लग्नासाठी मधेच रक्कम काढू देणाऱ्या योजना तिच्यात बसणे शक्य नाही. ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य योजनाही अडचणीच्या वेळी निधी काढू देण्याच्या नियमामुळे याच कारणाने यादीबाहेर पडल्या. ९ मार्च २०१७ पासून मागितलेल्या स्थलांतरांवर २५ टक्क्यांचा आकार आला. खातेदार आणि योजना एकाच देशात असतील तर तो लागत नाही, पण नंतरच्या पाच पूर्ण करवर्षांत खातेदाराने देश बदलल्यास लागू शकतो. एप्रिल २०२४ पासून सर्वसामान्यतः १०,७३,१०० पौंडांच्या वरील रकमेवरही २५ टक्के आकार आहे. ब्रिटनचे महसूल खाते अशा योजनांची यादी प्रसिद्ध करीत असते, परंतु यादीत नाव आहे म्हणजे स्थलांतर करमुक्त आहे अशी हमी ते देत नाही. भारतातील योजनेचा विचार करणाऱ्याने ही यादी स्थलांतराच्या दिवशी पाहावी. मागील वर्षीची चालत नाही.

भारताकडे वळले म्हणजे चित्र वेगळे दिसते. महाराष्ट्रातील शेकडो घरांतून गेली पन्नास वर्षे तरुण मंडळी अमेरिकेस गेली. त्यांतील काही आता परत येत आहेत, आणि त्यांचा निधी बव्हंशी तेथील ४०१(के) योजनांत किंवा वैयक्तिक निवृत्ति-खात्यांत आहे. १९७८ च्या अमेरिकन महसूल कायद्यातील ज्या पोटकलमावरून ४०१(के) हे नाव पडले, त्यात परदेशात निधी वळविण्याची सोय नाही, हे वर आलेच आहे. भारताच्या बाजूस राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. पण तीत स्वतः भरलेल्या अंशदानाची वजावट दीड लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत, आणि तिच्यापलीकडे आणखी ५० हजारांपर्यंत, एवढीच आहे. तीही जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत स्वतःच्या अंशदानाला ती मिळत नाही. एक लक्ष डॉलर म्हणजे आजच्या भावाने ८० लाख रुपयांहून अधिक. कॅनडाच्या कलम ६०(जे) सारखे, परदेशी निधी जशास तसा स्वीकारणारे कलम आपल्या कायद्यात नाही. भारत-अमेरिका करकरार खासगी निवृत्तिवेतनावर कर आकारण्याचा हक्क केवळ निवासाच्या देशास देतो. परंतु तेथेही निवृत्तिवेतनाची व्याख्या नियतकालिक प्रदान अशीच आहे, आणि एकदम काढलेल्या रकमेस या कलमाचा आधार शब्दशः मिळत नाही.

निधी तेथेच राहू दिला तर? येथे २०२१ पर्यंत मोठीच विसंगती होती. भारताचा सामान्य निवासी आपल्या जगभरच्या उत्पन्नावर कर देतो, आणि उत्पन्न साचले की ते करपात्र, असा आपल्याकडील नियम. अमेरिका मात्र निधी काढीपर्यंत कर घेत नाही. म्हणजे भारतात कर आज, अमेरिकेत पंधरा वर्षांनी. आणि परकीय कराचे श्रेय मिळावयाचे तर दोन्ही कर एकाच उत्पन्नावर, मेळ घालता येईल अशा काळात पडले पाहिजेत. तो मेळ न बसल्याने एकाच व्याजावर दोनदा कर भरण्याची पाळी येई. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील करारात निधी राहू देणाऱ्यास दुसऱ्या देशातही करस्थगिती मिळावी अशी तरतूद आहे. भारत-अमेरिका करारात ती नाही. ही उणीव २०२१ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८९अ घालून देशांतर्गत कायद्यानेच भरून काढली, आणि १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही ती सवलत राखली आहे. भारताचा निवासी, ज्याने पूर्वी अनिवासी असताना व त्या देशाचा निवासी असताना तेथे निवृत्ति-खाते उघडले, त्याला त्या खात्यातील उत्पन्नावरील कर तेथे रक्कम काढतेवेळी कर लागतो त्याच वर्षी देण्याचा पर्याय मिळाला. एप्रिल २०२२ च्या अधिसूचनेने यासाठी तीन देश घोषित झाले : अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा. आखाती देशांत वा सिंगापूरमध्ये नोकरी केलेल्यांना या कलमाचा उपयोग नाही.

म्हणजे भारताने स्थलांतर सुकर केले नाही. निधी जेथे आहे तेथे राहण्याची पीडा कमी केली. हा मार्ग खजिन्याच्या दृष्टीने स्वस्त आणि राबविण्यास सोपा आहे हे मान्य केले पाहिजे. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. ज्याला आपला निधी रुपयांत, आपल्या डोळ्यांसमोर, वारसांना सहज मिळेल असा हवा आहे, त्याची सोय या कलमाने होत नाही. परत आलेल्या वृद्धाच्या पश्चात त्याच्या पत्नीने परदेशी संस्थेशी पत्रव्यवहार करीत बसावे, ही काही काल्पनिक अडचण नव्हे. परदेशी निधीच्या एकरकमेवर, ती ठरावीक मुदतीत राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत भरल्यास, पूर्ण वजावट देणारी तरतूद करण्यास तत्त्वतः कोणती अडचण आहे ते आम्हांस दिसत नाही. महसूल बुडत नाही, तो पुढे जातो. आणि दीर्घ मुदतीचे भांडवल देशात येते. आक्षेप निघेल तो गैरवापराचा. त्यावर कॅनडाने सेवा अनिवासी असतानाची हवी ही जी अट घातली, तीच पुरेशी आहे.

तोवर परतणाऱ्याजवळ एक अल्प अवकाश असतो, तो निवासाच्या नियमांतला. मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील ७ वर्षांत ज्याचे भारतातील वास्तव्य ७२९ दिवसांहून अधिक नाही, तो निवासी होऊनही सामान्यतः निवासी मानला जात नाही. या काळात परदेशात उत्पन्न झालेल्या व परदेशातच मिळालेल्या निवृत्ति-उत्पन्नावर भारत कर घेत नाही. ही मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते. ज्याला निधी काढावयाचाच आहे त्याने तो या मुदतीत, परदेशी खात्यात, काढला तर अमेरिकेचा कर तेवढा लागतो, भारताचा नाही. पुढे ती रक्कम भारतात आणली तरी ते उत्पन्न ठरत नाही. वय ५९½ पेक्षा कमी असेल तर अमेरिकेच्या १० टक्के अतिरिक्त कराचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. अमेरिकन नागरिकत्व किंवा स्थायी निवासाचा परवाना कायम ठेवणाऱ्यांचा प्रश्नही निराळा, कारण अमेरिका त्यांच्यावर निवासी म्हणूनच कर आकारते.

कलम ८९अ चा पर्याय घेऊ पाहणाऱ्याने दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. हा पर्याय विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी विहित नमुन्यात कळवावा लागतो आणि एकदा घेतल्यावर मागे घेता येत नाही. आणि पर्याय घेतलेली व्यक्ती पुढे पुन्हा अनिवासी झाली, मुलांकडे राहावयास परत परदेशी गेली, तर तो पर्याय कधी वापरलाच नव्हता असे मानून दरम्यानच्या वर्षांत साचलेले उत्पन्न करपात्र ठरते. रॉथ नावाच्या खात्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांत कर भरलेली रक्कम घातली जाते आणि अटी पाळल्यास काढतेवेळी अमेरिका कर घेतच नाही. कलमाची भाषा तर काढतेवेळी कर लागणाऱ्या खात्याची आहे. ज्या वर्षी परदेशात कर लागेल त्या वर्षी भारतात द्यावा, या नियमात असे वर्षच कधी उगवत नाही. तेव्हा ही खाती सवलतीत येतात असे कलमाच्या शब्दांवरून तरी म्हणता येत नाही.